घर पाहायचं तर दुपारी

पहिल्याला मी हो म्हणणारच होते.
विक्की गभणे. गाडीत एसी, सीटवर थंड पाण्याची बाटली,
आणि मला 'मॅडम' म्हणणारा आयुष्यातला पहिला माणूस.
लॅबमध्ये लोक मला 'ओ सिस्टर, हळू टोचा' एवढंच म्हणतात.
बेसा, सहावा मजला, संध्याकाळचे साडेसहा.
बाल्कनीत वारा. दूर विमानतळाचे दिवे.
सॅम्पल फ्लॅटच्या टेबलावर प्लास्टिकची संत्री.
नागपुरात, प्लास्टिकची!
मी एक उचलून पाहिलं. वजनच नव्हतं.
रेराचा नंबर विचारला तर हसला,
"टेन्शन काऊन घेता मॅडम, आपण बसलो ना."
त्या 'मॅडम'ला किती वजन आहे
ते मला पायऱ्या उतरताना कळलं.

दुसरे देवतळेकाका, ह्यांच्या साहेबांचे साडू.
"कमिशन? घरच्यांकडून कोणी घेते का?"
फुकटाची मला आधीपासून भीती वाटते.
हुडकेश्वरच्या पुढे, चुन्याच्या रेघा, एक वाकलेला बोर्ड,
रेघेवर रवंथ करत बसलेली म्हैस.
"काका, आरएल?"
"येऊन राहिलं."
मामाचं पेन्शनही असंच येऊन राहिलं होतं.
मामा गेले, तरी ते येऊनच राहिलं.

मग आईनं सांगितलं, हेडाऊबाईला विचार.
प्रमिला हेडाऊ. पोस्टाच्या आरडीचे पैसे न्यायला यायच्या,
महिन्याच्या पाच तारखेला, शंभराची नोट
दोनदा मोजायच्या. एकच नोट, दोनदा.
आता घरं दाखवतात.
फोनवर म्हणाल्या, "उद्या दीड वाजता ये."
"दुपारी? एप्रिलात?"
"संध्याकाळी तं कोणतंही घर चांगलंच दिसते, बाई."

स्कूटीवर आल्या, पंचवीस मिनिटं उशिरा,
तोंडाला दुपट्टा, हातमोजे, पर्समध्ये कांदा.
किल्ली विसरल्या. चौकीदाराशी भांडल्या.
लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर
काही न बोलता माझा हात धरला
आणि पश्चिमेच्या भिंतीवर ठेवला.
चटका.
"रात्री दहापर्यंत अशीच राहते. कूलर दोन लागतील."
मग बोटाच्या पेरानं छत वाजवत गेल्या,
एका जागी थांबल्या, पुन्हा वाजवलं.
रंग तेवढ्याच चौकोनात नवा होता.
मी पाहतच राहिले.
जाड दंडाची नस डोळ्यांना दिसत नाही,
बोटाला सापडते.
हे मी चौदा वर्षं रोज सकाळी करते
आणि दुसऱ्या कुणाला करताना पहिल्यांदा पाहत होते.

गच्चीवर एक बाई कुरडया वाळवत होती.
तिला, बिल्डरला नाही, विचारलं, "मे महिन्यात टँकर?"
"दिवसाआड जी."
वहीत फुली मारली.

खाली रसवंतीवर मी म्हटलं, शाळा कशी आहे इथली?
"माहीत नाही."
तीन आठवड्यांत हे दोन शब्द मला कुणीच म्हटले नव्हते.
"दोन टक्के घेईन," ग्लास ठेवत म्हणाल्या,
"कमी होणार नाही. विक्की दीडमध्ये करते, त्याच्याकडे जा."
वर एलआयसीचा एक फॉर्मही सरकवला.
तो मी भरला नाही. तेवढं मलाही कळतं.

तेव्हापासून चार घरांवर फुली पडली आहे.
हे म्हणतात, तुला घर पायजे का ती बाई?
मी काही बोलत नाही.
रात्री भाड्याच्या खोलीत
झोपण्याआधी हात लावून पाहिला.
अकरा वर्षं या भिंतीला पाठ लावून झोपतोय आम्ही,
आणि तिची दिशा कोणती
हे मला आज कळलं.

उद्या दीड वाजता नरेंद्रनगर.
पर्समध्ये कांदा टाकून ठेवलाय.