टप्पा चौथा

सहा किलोमीटरचा एक टप्पा.
पहिल्याच दिवशी सांगितलं कासीमभाईनं,
वेबिल मांडीवर, पेन कानावर:
बाई, गावं नको मोजू, टप्पे मोज.
गावं सरकत्यात.

जिंतूर आगार, फलाट दोन,
सव्वाची गाडी, निघते दीडला.
दीडला निघते हे सगळ्यांना ठाऊक,
तरी सव्वालाच येऊन बसतात माणसं
खिडकीतून रुमाल टाकून.

पहिला टप्पा जिनिंग. दुसरा मळीचा पूल.
तिसऱ्याला शाळेच्या पोरी, पास पुढं करत;
पासवरचा फोटो पाचवीतला, पोरगी आता दहावीत.
चौथा: बेलदाराचा लिंब.

लिंब नाही तिथं.
रस्ता रुंद झाला त्या उन्हाळ्यात तोडला,
ट्रॅक्टरच्या तीन खेपा झाल्या.
मशीनवर अजून उमटतं:
बे. लिंब, फुल १, हाफ २.

कासीमभाईचे वडील क्लीनर, निजामाच्या मोटारीवर.
तिकिटावर उर्दू, रस्ता लिंबापर्यंतच.
पुढं नुसती काळी माती; पावसाळ्यात मोटार
लिंबाला वळसा घालून माघारी.
वळताना बेलदाराच्या विहिरीचं पाणी इंजिनाला,
उरलं तर ड्रायव्हरला.
मग राज्य बदललं, पाट्या बदलल्या,
गाडीला तांबडा रंग आला,
रस्ता बारा किलोमीटर पुढं गेला.
टप्प्याचं नाव कुणी विचारलंच नाही.

परवा विभागातून एक पोरगा आला,
हातात फॉर्म, मोबाईलवर नकाशा.
"मॅडम, इथं तर काहीच नाही.
पेट्रोल पंप लिहू का?"
पंपही अजून चालू व्हायचाय.

तेवढ्यात सोजरबाई उठल्या,
पायाशी सरकीच्या पेंडीचं पोतं.
"लिंबावर उतरायचंय."
"कुठाय लिंब, आजी?"
"ह्यो काय," म्हणाल्या, अन् पोत्याचं एक टोक
त्याच्याच हातात दिलं.

मी घंटी मारली.
ड्रायव्हर गंगणे, नवा, उमरग्याकडचा,
झाड त्यानं कधी पाहिलेलं नाही.
तरी प्रवासी शेड सोडून चार हात पुढं थांबतो,
आधीच्यानं शिकवलं तसं:
सव्वादोनला जिथं सावली पडायची,
नेमकं तिथं.

पोरगा पोतं उतरवून आला, घामाघूम.
फॉर्मवर शेऱ्याचा रकाना होता, माझ्या सहीचा.
लिहिलं: टप्पा बरोबर आहे.

दोनदा घंटी.