कचकच

चिमणीकडून वारं सुटलं की
पंचफुलाबाई खाटेवरच्या कुरोड्यांवर
जाळं पांघरते, मग त्यावर जुनं लुगडं.
जाळं नवऱ्याचं. नाल्यात मरळ होती तेव्हाचं.
आता नाल्याचं पाणी दाट, पांढुरकं,
तांदळाच्या पेजेसारखं.
बैलसुद्धा हुंगून मागं फिरतात.

पोरगा त्याच राखेच्या पाइपावर, ठेकेदाराकडे.
रोजी चारशे ऐंशी. नाकाला बांधायचा रुमाल घरचा,
तिसऱ्या धुण्यालाही पाणी करडंच.
"पाइप बंद करा म्हणू कशी, बाप्पा?
त्याच्यावरच तं चूल हाये."

परवा हवा मोजायला साहेब आले.
वारं नेमकं उलटं,
गावाकडून चिमणीकडे.
यंत्रात हिरवा आकडा.

बाईनं चहासोबत कुरोडी तळून दिली.
साहेबांनी घास घेतला. जबडा थांबला.
उरलेली बशीत ठेवली हळूच,
कुणी पाहत नाही अशी.

"मशीनले नाही समजलं," ती म्हणाली,
"दाताले समजलं."

साहेब खोकले, पाणी मागितलं.
ती उठली.
"बसा. गाळून आणतो."