नानेटी

मांजरी रोडला आमची नर्सरी आहे,
कालव्याला लागून, उसाच्या एका उरलेल्या तुकड्याशेजारी.
तुकड्यापलीकडे अकरा मजली बिल्डिंग.
तिथल्या बायका मोगरा न्यायला येतात
आणि पाय जपून टाकत विचारतात, साप नाही ना इथे?
मी म्हणते, नाही.
धंदा आहे.

ती सापडली शेवंतीच्या रिकाम्या कुंड्यांच्या चळतीत,
सातवी कुंडी उचलली तेव्हा.
यमाजीने खोरं उगारलं. मण्यार आहे, म्हणाला.
यमाजीला सगळंच मण्यार असतं,
एकदा पाण्याचा पाइपसुद्धा मण्यार निघाला होता.

मण्यार काळी, अंगावर पांढरी आडवी कडी, रात्रीची फिरणारी.
घोणस जाड, पाठीवर साखळी, कुकरसारखी शिट्टी.
फुरसं अंगावर अंग घासून करवत चालवतं.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा एवढंच दिसलं:
पाठीवर दोन पिवळट रेघा,
मानेशी पुसट, शेपटीकडे ठसठशीत,
ओठांना हळद लागल्यासारखी,
बुबुळ गोल,
आणि घाबरून फुगली तेव्हा
खवल्यांच्या फटींतून निळं,
विटलेल्या लुगड्याच्या घडीत मूळ रंग राहतो ना, तसं.

खोरं मी काढून घेतलं.

भाच्याची माशांची टाकी रिकामी होती,
मासे मार्चमध्येच मेलेले.
खाली कोकोपीट, वर पिठाची चाळण, चाळणीवर वीट.
कालव्यातून बेडूकमासे आणायचे, मातीच्या वाटीत सोडायचे.
ती खायची. मी बघायची.
हिशेबाची वही उघडी राहायची.
नाव ठेवलं होतं, पण हाक कधी मारली नाही,
सापाला कान नसतात एवढं मलाही ठाऊक आहे.

एकोणिसाव्या दिवशी तिचे डोळे दुधाळ झाले.
मला वाटलं, गेले.

सायरा तांबोळी हडपसरला मेडिकलच्या दुकानात असते,
स्कूटरच्या डिकीत हुक आणि उशीचा अभ्रा.
टाकीपुढे उकिडवी बसली.
"नानेटी. बिनविषारी. डोळे ठीक आहेत, कात टाकायला आलीय."
मग सहज विचारल्यासारखं, "किती दिवस?"
मी म्हणाले, दोन.
वाटीच्या काठावर क्षाराची पांढरी रेघ धरली होती.
तिने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
"रानातला साप पाळायला कायद्याने बंदी आहे, काकू."

चावत नाही हो, मी म्हणाले.
हातावर घेतली तरी गप्प बसते. ओळखते मला.

"ओळख तुम्हाला पटलीय. तिला नाही.
गप्प बसलेला साप माणसाळलेला नसतो,
दमलेला असतो."

मला राग आला. पोरीच्या वयाची पोर.
पण बावीस वर्षं मी रोपं विकतेय.
लहान कुंडीत वाढलेल्या झाडाची मुळं
आतल्या आत वेटोळी घालत राहतात,
आणि वरून गिऱ्हाईक म्हणतं,
काय छान बसलंय हो कुंडीत!

सायराने तिला बांधाच्या ओल्या अंगाला सोडली.
मी म्हटलं, बघेल मागे वळून.
उसाची दोन पाती हलली,
मग एकच,
मग वारा होता.

आठ-दहा दिवसांनी शेवग्याच्या बुंध्याला कात मिळाली,
दोन फुटांना चार बोटं कमी,
डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या.
तिचीच कशावरून?
बिलबुकात ठेवलीय, ऑगस्टच्या पानांत.
टाकीत पुदिना लावलाय. वर काही झाकत नाही.

काल बी विंगमधल्या बाईंनी विचारलं,
साप नाही ना इथे?
म्हटलं, आहे.
नानेटी. काही करत नाही.
बेडूक संपवते, तुमच्या पार्किंगमध्येही येत असेल.
मोगरा ऐंशीला.

बाई मोगऱ्याकडे बघत राहिल्या.
मागून यमाजी, कुणी विचारलेलं नसताना:
"मण्यार आहे."