अर्धा मिलिमीटर

भांडुपला, रंगाच्या दुकानामागच्या गल्लीत
आमचा कारखाना. पत्र्याखाली एकोणीस माणसं.
आमच्यातल्या कुणीच खाणीतला कोळसा पाहिलेला नाही,
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडचा तेवढा सोडला तर.

आम्ही पेट्या करतो.
बिडाच्या, जाड, दोघांनी मिळून उचलायच्या.
पोटात स्विच घेऊन त्या जातात वणीकडे,
तिथून लिफ्टनं खाली,
जिथे हवेत गॅस असतो
आणि गॅसला वास नसतो.

माझं काम फट मोजणं.
झाकण बसलं, बारा बोल्ट आवळले,
तरी मध्ये जी राहतेच, ती.

नवीन पोरगा आला की पहिल्याच आठवड्यात
कुठून तरी रबराची पट्टी पैदा करतो :
ताई, ही लावून टाकू, किटकिटच नको.

नाही रे बाबा.
गॅस आत शिरणार, हे धरूनच चालायचं.
ठिणगी पडणार, हेही.
स्फोट होईल. पेटीनं तो पोटात घ्यायचा.
आणि जाळ बाहेर निघाला की त्याला
दोन थंड लोखंडांच्या मधून
इतकं अरुंद, इतकं लांब चालवायचं
की उंबऱ्याशी पोचेतो
त्याची नुसती ऊब उरावी.
रबर जळतं. लोखंड वाट बघतं.

हे मला पेडणेकरांनी शिकवलं.
त्यांच्या खिशात पात्यांचा जुडगा असे,
एकदा जेवणाच्या डब्याच्या झाकणातही घालून पाहिला :
वरण बाहेर येतंय, म्हणजे अर्ध्याच्या वर आहे.
हसले नाहीत. वहीत लिहिलंसुद्धा असेल.

परवा एक पेटी दुरुस्तीला आली.
आमचीच. शिक्का माझा, अकरा वर्षांपूर्वीचा.
बाराऐवजी नऊ बोल्ट.
एका भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली,
वर निळा रंग, म्हणजे साहेबाला दिसू नये.
फ्यूजच्या जागी तार, तीन पदरी.
झाकणाच्या आतल्या अंगाला खिळ्यानं कोरलेलं :
*कोडापे. आधी लाईन बंद कर, मग उघड.*

मी फोन लावला.
तिकडचा आवाज विशीतला, तोंडात काहीतरी चघळत :
अहो, चालत होती की तशीच.
काही झालं नाही.

काही झालं नाही.
मॅडम, आम्ही विकतो तेही हेच.
असं म्हणायचं होतं मला, पण मॅडम तर मीच,
आणि त्यानं फोन ठेवला होता.
नियमानं काही न होणं
आणि नशिबानं काही न होणं
दोन्हींचा आवाज एकच. मला तर वेगळा येत नाही.

संध्याकाळी रॉकेलच्या फडक्यानं कड पुसताना
दिसली ती :
आतून निघालेली काजळी, जिभेसारखी,
बोटाच्या पेराएवढी,
वाटेच्या निम्म्यावर येऊन थांबलेली.

म्हणजे झालं होतं.
कधीतरी, कुठल्या तरी पाळीत,
एक धप् आवाज, ड्रिलच्या कल्लोळात कुणाला न ऐकू गेलेला.
जवळच कोणी डबा सोडून बसला असेल.
कोडापे असेल, किंवा कोडापेनं ज्याला बजावलं तो.
त्यानं भाकरी मोडली असेल
आणि पुढचा घास घेतला असेल.
नऊ बोल्टांवर.

लालजी म्हणाला, घासून टाकू?
थांब म्हटलं.
फोटो काढायचा होता, पण फोनला चार्जिंग नव्हतं,
आणि दाखवणार तरी कुणाला?
मग मीच घासली. वाटेवर काही राहता कामा नये.
रंग नाही, ओरखडा नाही, काजळी तर नाहीच.

तीन नवे बोल्ट टाकले.
पातं घातलं, सगळ्या कडेनं फिरवून पाहिलं.
शिरलं नाही.

आतलं नाव मात्र तसंच ठेवलं.
आतल्या नावाबद्दल
नियमात काही लिहिलेलं नाही.