बुटाच्या खोक्यातली मतं

डुलुथमध्ये नवे अंक बुधवारी येतात.
सरोवरावरून वारा असा सुटतो
की दुकानाचं दार लावायला दोघं लागतात.
काउंटरवर बुटाचं रिकामं खोकं, नऊ नंबरचं,
झाकणाला चीर पाडलेली.
वाचा, लिहा, आत टाका.
नाव घातलंत तर बरं, नाही घातलंत तरी अक्षर मी ओळखतो.

या महिन्यात खोकं फुगलं ते कंदीलवालीमुळे.
गेममधली ती. पाठीवर कंदील, मुठीत साखळी,
बुडत्या शहरात जिने चढत राहणारी.
दहा वर्षं ती आमच्या अंगठ्यांखाली वाढली.
आता कागदावर आलीय,
बत्तीस पानं, पाच डॉलरला एक सेंट कमी.

शनिवारी शटर ओढून मी चिठ्ठ्या वाचतो.

"ती बोलते कशाला?"
हा ऑस्मंड. पेन्सिल दाबून दाबून लिहिलंय.
"गेममध्ये ती कधी चकार शब्द बोलली नाही.
तिच्या वतीनं मी बोलायचो, टीव्हीसमोर, मोठ्यानं.
आता तिच्या तोंडी कुणा भलत्याचाच आवाज."

"चित्रं झकास. खलनायक फुसका."
सही नाही. कॉफीचा डाग आहे.

एल्विन नीमीनं गेम पाहिलासुद्धा नाही.
खनिजाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं काढली,
नातीसाठी अंक घेतो आणि आधी स्वतः वाचतो.
"पान अकरा. ही गाठ ताण आला की सुटते.
अशी गाठ मारणारी बाई
पान बारापर्यंत जगायची नाही."
खाली खरी गाठ काढून दाखवलीय, बाणांसकट.
मी ती चित्रकाराला पाठवली. उत्तर नाही.

मग बंदराचं दार.
शेवटी ती दारापाशी पोचते.
उघडलं तर बोटी वाचतात, कंदील विझतो.
नाही उघडलं तर उलट.
गेममध्ये तिथं आपलं बोट असायचं.
अंकात ती सरळ उघडून टाकते.

अकरा चिठ्ठ्या निव्वळ या दारावर.
"मी उघडलं नव्हतं. तीनदा खेळलो, तिन्हीदा बंद."
"अखेर कुणीतरी बरोबर केलं."
"तुमची ती असेल. माझी नव्हे."
ही शेवटची दोन वेगवेगळ्या अक्षरांत,
शब्दाला शब्द तीच,
दोन मावसभावांची.
दोघं एकाच गाडीतून येतात
आणि सध्या बोलत नाहीत.

तळाशी कॉर्लिसची.
इस्पितळात रात्रपाळी करते ती.
"त्या दारापाशी मी गेम थांबवून ठेवलाय.
सहा वर्षं झाली. दोन घरं बदलली,
यंत्र मांडीवर घेऊन नेलं.
अंक पान एकोणतीसवर मिटलाय.
पुढचं कुणी मला सांगू नका."

बाकीच्यांनी मला सांगून टाकलंय, मी तिला काय सांगणार.

ती बुधवारी आली, गणवेशावर जाड कोट,
भुवयांवर बर्फ.
अंक पुढे केला.
"शेवटची पानं स्टेपल करून द्याल?"
संग्राहक असता तर भोवळ येऊन पडला असता.
मी तीन पिना मारल्या, कडेला, सारख्या अंतरावर.
तिनं बोटानं चाचपून पाहिल्या,
जखमेचे टाके तपासावेत तशा.
"घट्ट आहेत," म्हणाली.

ती गेल्यावर मी माझी प्रत उघडली.
पान एकोणतीस, तिचा हात कडीवर.
पुढची चौकट, दार उघडं.
मध्ये पांढरी फट, गव्हाच्या दाण्याएवढी.
माझा अंगठा तिथं जाऊन बसला होता,
मी ठेवला नव्हता.

मत म्हणून हे खोक्यात टाकावं का?
टाकलं नाही. खोकं भरलेलंच होतं.

दुसरा अंक आला तेव्हा
एल्विन उभ्याउभ्याच पानं चाळू लागला,
दोर शोधत. सापडला.
चश्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिला.

"अजून चुकीचीच आहे," म्हणाला,
आणि पैसे मोजायला लागला.