फट

नरिनमध्ये ऑक्टोबर सरता सरता
बायका खिडक्यांना पट्ट्या चिकटवतात,
कणकेच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या,
आणि मग एप्रिलपर्यंत खिडकी म्हणजे भिंतच.

सायकाल आपांची खिडकी मी काल काढली.
नदीकाठची गल्ली, उत्तरेकडे तोंड,
सोव्हिएत काळातली चौकट, पहारीला दाद देईना.
मोजपट्टी लावली: वर एक माप, खाली दुसरंच.
आपा म्हणाल्या, "घरही माझ्यासारखं,
एका कुशीवर कललंय."

फळी उचकटली तसे बाहेर आले
एकेका हिवाळ्याचे बोळे:
पिवळे पडलेले रशियन पेपर,
मेंढीची लोकर, कापूस, एका लहान मोज्याची टाच,
रेशनचं कार्ड, त्यावरची साखर अजून घ्यायची राहिलेली.
आणि सगळ्यात आत, दबून चपटा झालेला
हिरवा रुमाल. काठाला लाल फुलं.

आपा होत्या तिथेच खाली बसल्या.
"हा बुरुलनं चोरला होता," म्हणाल्या.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "चोरला, असं मी म्हणत आले."

एकोणतीस वर्षं दोघी बहिणी
एकाच बाजारात, वेगवेगळ्या फाटकांनी.

मी काय बोलणार? मी काचा बसवतो.
म्हटलं, आपा, तीन काचा आहेत, मधे वायू भरलाय,
हिवाळ्याकाठी कोळशाची पाच-सहा पोती वाचतील.
काचेवर बर्फाची पानंफुलं मात्र उमटायची नाहीत आता.
हे आधीच सांगितलेलं बरं,
काही गिऱ्हाइकं नंतर भांडतात.

आपा रुमालाची घडी घालत होत्या,
मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

फेस मारला. तो फुगला, वाळला, कापला.
अंधार पडल्यावर मेणबत्ती पेटवून
चारही कडांवरून हळूहळू फिरवली.
आमची परीक्षा एवढीच.
ज्योत जागची हलली नाही.
नदीसुद्धा बाहेर राहिली,
इतकी की आपा दचकून म्हणाल्या, "थांबली का?"

मेणबत्ती त्यांनी माझ्या हातून घेतली,
फोनशेजारी ठेवली.
नंबर कुठे लिहिलेला नव्हता. बोटांना पाठ होता.

पाचव्या घंटीला पलीकडे कुणीतरी "हं?" म्हणालं,
आणि त्या बंद खोलीत
ज्योत एकदम आडवी झाली.

मी हत्यारं आवरत होतो.
कडा पुन्हा तपासायला उठलो नाही.