पोचपावती

कोतोनूच्या विमानतळावर पंखे फिरतात, वारा येत नाही.
मी सही करते, तीन ठिकाणी.
मिळाले : मूल, एक. वय पाच. वजन अकरा किलो.
चौतीस वर्षं लोझानच्या चढांवर टपाल वाटलं मी,
रजिस्टर, पार्सलं, कोर्टाची बोलावणी,
कधी थांबला नव्हता हात पावतीवर.

हुएफाच्या आईच्या भाषेचं नाव फोन.
तरी आम्हाला एकमेकींशी
एक शब्दही बोलता येत नाही.
आईला व्हिसा नाही. घरी धाकटी दोघं,
आणि बाजारातली मक्याच्या पिठाची पाटी.
ती कमरेच्या कापडाचा एक तुकडा माझ्या हातात देते,
नाकाकडे बोट दाखवते : हुंगायला.
मग सगळ्या लोकांदेखत,
नव्या कपड्यांनिशी, फरशीवर उकिडवी बसते,
गुडघे छातीशी घट्ट.
मला कळतं.
अशी बसली तर बसू द्या.

पॅरिसला पासपोर्टच्या रांगेत ती बसली.
जांभूळ न खाता जांभळे झालेले ओठ,
बोटांची टोकं ढोलकीच्या काठीसारखी गोल.
पुढे चला बाई, म्हणाला काचेमागचा.
मीही बसले मग तिच्या शेजारी.
सहासष्ट वर्षांचे गुडघे करकरले
तेव्हा ती माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली,
श्वास जपून, थोडंसंच.
मागे दोनशे माणसं उभी.
राहू देत.

ऑपरेशन सात तास चाललं.
त्यातलं मला काही माहीत नाही.
मी घरी बटाटे सोलत होते.
एकटी राहते मी, आणि सोललेले बटाटे
आठ जणांना पुरले असते.

सोलताना दोसू आठवत होता.
मागच्या हिवाळ्यात नेला होता त्याला.
परत आणली ती त्याची पिशवी :
एक निळा मोजा, दुसरा सापडलाच नाही,
आणि पायाला घट्ट व्हायला लागलेले बूट.
त्याच्या आजोबांनी पिशवी घेतली.
पावतीवर कुणी काय लिहायचं
ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.
कागद अजून माझ्या खणात आहे.
तसाच.

अकरा आठवडे.
हुएफा आता प्रत्येक गोष्टीला "नों" म्हणते,
बर्फ खाऊन बघते, थुंकते, पुन्हा खाते.
कापडाच्या तुकड्याला आता
इस्पितळाच्या साबणाचा वास.
मी तो धुतला नव्हता, शपथ.
परतीच्या विमानात तिने मला काहीतरी विचारलं,
अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या,
आणि मधल्या एका शब्दाशी अडखळून
खिडकीकडे तोंड फिरवलं.
पाच वर्षांच्या मुलीला
विसरल्याची लाज वाटताना
मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तेच पंखे. तोच वारा नसणं.
आईने चेहरा नंतर पाहिला,
आधी नखं.
एकेक उचलून उजेडाकडे धरली,
नोटा खऱ्या आहेत का बघावं तशी.
मग कागद मागितला.
टेबलावर वाकून ती सही करू लागली,
शाळेत शिकल्यासारखी, अक्षर अक्षर गिरवत,
एवढ्यात हुएफा
दारापर्यंत पळत गेली
आणि पळतच परत येऊन
तिच्या कोपरावर आदळली.

आई ओरडली.
एकच शब्द.
भाषा येत नसली तरी मला तो कळला,
पाच वर्षं दिवसातून शंभरदा ओरडलेला असणार.
मग तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला
आणि खाली बसली,
उकिडवी, गुडघे छातीशी,
दम लागून,
आई.
हुएफा तिच्याभोवती पळत राहिली.

लोझानच्या कचेरीत कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला.
सही चौकटीत सुरू होते,
तिसऱ्या अक्षरापाशी उसळते
आणि रेघ थेट कागदाबाहेर जाते.
हे काय, म्हणाला, वाचता येत नाही.

मला येतं, म्हटलं.
लावून टाका.